घासून किती काढायचं?

रबिंग-पॉलिश मारल्यावर गाडीवर चकाकीचा एक थर चढतो, अशी बहुतेक गाडीमालकांची समजूत असते. ‘चांगले दोन हात मारा’ असं सांगताना भिंतीला रंगाचे दोन हात दिल्यासारखं काहीतरी त्यांच्या मनात असतं. होतं नेमकं उलटं. कंपाउंड लावून मशीन फिरवलं की पेंटवर काही चढत नाही, पेंटमधून काहीतरी निघतं, आणि जे निघतं ते परत येत नाही. कारखान्यातून आलेल्या आजच्या गाडीच्या पत्र्यावर सगळे थर मिळून पेंटची जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पत्र्यालगत गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग रंगाचा पातळ थर आणि सगळ्यात वर बिनरंगी क्लिअर. या क्लिअरची जाडी ३५ ते ५० मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला तर त्याहूनही कमी. गाडीची चकाकी, उन्हापावसापासून रंगाचं रक्षण आणि पॉलिश करणाऱ्याचं सगळं काम एवढ्याशा जाडीत चालतं. क्लिअरमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्यं मिसळलेली असतात. थर जितका पातळ, तितकं हे शोषण कमी. पॉलिशचं काम वर्षानुवर्षं करताना माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. गाडी बाहेर काढताना ती किती चमकते यावरून पॉलिशचा कस ठरू नये. पॅनेलवर क्लिअर किती शिल्लक राहिलं यावरून ठरावा. चकाकी आणणं तसं अवघड नाही. कमीत कमी काढून ती आणणं, यात कसब आहे.

पॉलिश म्हणजे घासणंच, ही गोष्ट नवी नाही. आयझॅक न्यूटननं १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात काचेच्या पॉलिशचा विचार केला आहे. वाळू काय किंवा बारीक भुकटी काय, तिचे कण कितीही सूक्ष्म असले तरी ते काच ओरखडूनच झिजवतात. ओरखडे डोळ्यांना दिसेनासे होण्याइतके बारीक झाले की आपण त्याला पॉलिश म्हणतो, असं त्याचं सांगणं. आमच्या कंपाउंडमधले ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण क्लिअरवर हेच करतात. मोठा ओरखडा जातो तो त्याच्या जागी असंख्य लहान ओरखडे पडल्यामुळे. आता ओरखडा दिसतो कशामुळे, हे पाहिलं तर आणखी एक गोष्ट हाती लागते. उन्हात काळ्या गाडीच्या बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल जाळं दिसतं. त्याला आम्ही स्वर्ल म्हणतो. बघणाऱ्याला वाटतं, कोणीतरी गोल गोल फडकं फिरवलं असणार. पण ते ओरखडे सगळ्या दिशांना गेलेले असतात. प्रतिबिंबाभोवतीच्या वर्तुळाशी ज्यांची दिशा जुळते तेवढेच प्रकाश डोळ्यांकडे फेकतात. टॉर्च हलवली की जाळंही तिच्याबरोबर सरकतं. म्हणजे डोळ्यांना खुपते ती ओरखड्याची खोली कमी आणि त्याच्या धारदार कडा जास्त. कडा बोथट झाल्या की ओरखडा तळापर्यंत न काढताही जवळजवळ दिसेनासा होतो. कमी काढून जास्त मिळवण्याची वाट इथूनच सुरू होते.

मग भरपूर घासण्याची सवय आली कुठून? ती जुन्या पेंटबरोबर आली. १९२० च्या दशकात अमेरिकेत मोटारींना नायट्रोसेल्युलोज लॅकर मारायला सुरुवात झाली. हा पेंट झटपट सुकायचा, पण सुकल्यावर पुरेसा चमकायचा नाही. त्याला कंपाउंडनं घासावंच लागे. रबिंग हा पेंटिंगचाच शेवटचा टप्पा होता. आपल्याकडे ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात गॅरेजमध्ये हाच ‘एनसी’ पेंट चालायचा. हातावर हात चढवून तो जाड केलेला असे, वर वेगळं क्लिअर नसे आणि फिका पडला की वरचा मेलेला थर घासून काढायचा, खालचा ताजा रंग वर आणायचा, हा शहाणपणाचाच मार्ग होता. त्या पेंटचा आणखी एक गुण होता: घासताना फडक्याला गाडीचा रंग लागायचा. लाल गाडीचं फडकं लाल व्हायचं आणि आपण पेंट काढतोय हे कारागिराला प्रत्येक क्षणी समोर दिसायचं. क्लिअर आलं आणि हा इशारा गेला. क्लिअरला रंग नाही, त्यामुळे पॅडवर दिसतं ते फक्त कंपाउंड. पेंट बदलला, हात तोच राहिला, आणि हाताला सावध करणारी खूण तेवढी नाहीशी झाली. आजही काही साध्या रंगांच्या गाड्यांवर वेगळं क्लिअर नसतं. तिथे आडोशाच्या जागी पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन घासून पाहिलं की फडक्यावर रंग येतो. काम सुरू करण्याआधीची ही अर्ध्या मिनिटाची तपासणी आहे, पण ती फार थोड्या ठिकाणी होते.

माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा बॉनेटवरच्या दीड फुटाच्या चौकोनात मिळतो. गाडी नीट धुतली, क्लेच्या मऊ गोळ्यानं अंगाला चिकटलेली घाण उचलली, गाडी सावलीत आणली की बॉनेटच्या सपाट भागावर मास्किंग टेपनं एक चौकोन आखायचा. त्यात सुरुवात सगळ्यात सौम्य जोडीनं करायची: मऊ फोमचं पॅड आणि फिनिशिंगचं पॉलिश. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. मशीन बंद असतानाच ते चौकोनभर टेकवून घ्यायचे, मग कमी वेगात पसरायचे, मग वेग वाढवून आधी आडवे आणि मग उभे पट्टे घ्यायचे. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला हवा. हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त पळता कामा नये. पॅडमागच्या तबकडीवर मार्करनं एक रेघ मारून ठेवलेली असली की पॅड फिरतंय की नुसतं थरथरतंय ते दिसतं. रेघ थांबली तर दाब जास्त झाला किंवा पॅड तिरकं बसलं. पॉलिश आधी दुधाळ असतं, हळूहळू पारदर्शक होत जातं आणि तेलकट पातळ पापुद्रा उरतो. तिथे थांबायचं. मायक्रोफायबरनं पुसायचं, मग पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुन्हा पुसायचं, कारण पॉलिशमधलं तेल ओरखड्यात बसून ते बुजल्याचा भास देतं. आता टॉर्च तिरकी धरून पाहायचं. स्वर्ल गेले असतील तर अख्ख्या गाडीला एवढंच पुरेल. राहिले असतील तर एकच गोष्ट बदलायची, आधी पॅड, आणि तेवढ्यानं भागलं नाही तरच कंपाउंड. दोन्ही एकदम बदलली तर फरक कशानं पडला ते कळत नाही. कोणत्या गाडीचं क्लिअर कडक आणि कोणत्या गाडीचं मऊ, याचे ठोकताळे या धंद्यात पुष्कळ ऐकायला मिळतात. चौकोन त्यातले बरेच खोटे ठरवतो, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक निघतो.

मशीनची निवडही याच हिशेबानं व्हावी. रोटरी मशीनमध्ये पॅड एका आसाभोवती सक्तीनं फिरतं. १५० मिलिमीटरचं पॅड मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरवलं तर त्याची कड सेकंदाला जवळजवळ १२ मीटर वेगानं पेंटवरून जाते आणि मध्यबिंदू जागच्या जागी असतो. सगळी ताकद कडेला एकवटते. ड्युअल ॲक्शन मशीनमध्ये पॅड स्वतःभोवती मोकळं फिरतं आणि त्याच वेळी लहान वर्तुळात झुलतं. १५ मिलिमीटरचा झोल आणि मिनिटाला ४५०० आवर्तनं धरली तर झोलाचा वेग सेकंदाला साडेतीन मीटरच्या आसपास येतो, पण तो पॅडच्या प्रत्येक बिंदूला सारखाच मिळतो. ताकद कमी पडते, मात्र ती एका ठिकाणी गोळा होत नाही. पेंट जळतो तो बहुतेक वेळा ताकद आणि उष्णता गोळा झाल्यामुळेच. पॅनेलच्या कडेला, दारावरच्या उभारलेल्या रेघेवर, चाकाच्या कमानीच्या ओठावर पेंट मुळातच पातळ असतो, कारण ओला पेंट सुकताना कडेवरून मागे सरतो. त्यात पॅडचा सगळा दाब त्या अरुंद रेघेवर येतो. त्यामुळे अशा प्रत्येक कडेवर मास्किंग टेपची पट्टी लावायची, टेपपर्यंत मशीन न्यायचं आणि टेप काढल्यावर ती बोटभर जागा हातानं करायची. प्लॅस्टिकच्या बंपरचं आणखी वेगळं: पत्रा उष्णता आजूबाजूला पसरवतो, प्लॅस्टिक तिथल्या तिथे धरून ठेवतं. बॉनेटवर चालणारा वेग बंपरवर चालत नाही.

इथे जुन्या कारागिरांचा आक्षेप ठरलेला असतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, लोकरीचं पॅड आणि रोटरी घेऊन आम्ही आयुष्यभर गाड्या केल्या. तुमच्या झुलत्या मशीनला दोन दिवस लागतात ते काम आम्ही दुपारपर्यंत उरकतो. वेगाबद्दल ते खरंच बोलतात. रोटरीवर बसलेला हात मला आजही पाहत राहावासा वाटतो: पॅड सपाट, मशीनचं वजन तेवढाच दाब, कड जवळ आली की वेग आपोआप उतरलेला. गॅरेजमध्ये नव्यानं मारलेल्या टूके, म्हणजे दोन घटक मिसळून केलेल्या, क्लिअरवर बसलेले धुळीचे कण आणि संत्र्याच्या सालीसारखा पोत काढायचा असतो, तिथे २००० आणि ३००० नंबरचा पॉलिश पेपर आणि त्यामागून रोटरी हाच योग्य मार्ग आहे. ते क्लिअर जाड मारलेलं असतं आणि काही भाग घासण्यात जाणार हे धरूनच मारलेलं असतं. तेव्हा माझा वाद रोटरीशी नाही, सरसकट रोटरीशी आहे. कंपनी पेंटवर फक्त धुण्या-पुसण्याचे बारीक ओरखडे असताना लोकर आणि जाड कंपाउंडनं सुरुवात करायची, हे काट्याचा नायटा करणं झालं. लोकर आपले नवे ओरखडे पाडते. ते काढायला दुसरा टप्पा, त्याचे पट्टे काढायला तिसरा. तिसरा टप्पा घाईत टाळला की गाडी वर्कशॉपच्या ट्यूबलाइटखाली आरसा दिसते आणि रात्री पेट्रोलपंपाच्या एलईडीखाली तिच्यावर मशीनचे लांबलचक पट्टे उमटतात. वाचवलेला वेळ अशा प्रकारे गिऱ्हाइकाच्या क्लिअरमधून वसूल होतो.

दुसरा आक्षेप गिऱ्हाइकाचा. पैसे पूर्ण घेता, मग एकूण एक ओरखडा का जात नाही? याचं उत्तर साध्या गणितात आहे. क्लिअर ४० मायक्रॉन आणि एखादा ओरखडा २० मायक्रॉन खोल असेल, तर तो पूर्ण घालवायचा म्हणजे आजूबाजूची सगळी पातळी २० मायक्रॉननं खाली आणायची. एका रेघेसाठी त्या भागाचं निम्मं क्लिअर गेलं. नख अडकतं असा ओरखडा बहुधा या जातीचा असतो. त्याच्या कडा बोथट करायच्या आणि त्याला तिथेच राहू द्यायचं, किंवा रंगापर्यंत गेला असेल तर टच-अप करायचं. हे गिऱ्हाइकाला काम सुरू होण्याआधी बॉनेटसमोर उभं करून सांगावं लागतं. नंतर सांगितलं तर सबब वाटते. शिवाय सगळेच डाग घासून काढायचे नसतात. इमारतीच्या बेसमेंटमध्ये स्लॅबमधून ठिबकणाऱ्या पाण्याचे चुन्याचे डाग, बोअरच्या जड पाण्याचे पांढरे गोल, हे क्षार आहेत; ते आधी सौम्य आम्लानं विरघळवायचे असतात. डांबराचे ठिपके द्रावणानं सुटतात. लोखंडाची उडालेली भुकटी रसायनानं किंवा क्लेनं निघते. या सगळ्यांवर कंपाउंड चालवलं तर तेही जातात, पण त्यांच्याबरोबर ज्या क्लिअरचा काही दोष नव्हता तेही जातं. पक्ष्यांच्या विष्ठेचा डाग मात्र उन्हात तापून क्लिअरमध्येच खड्डा करतो. तिथे किती खोल जायचं, हा पुन्हा जाडीचाच प्रश्न.

ही जाडी मोजता येते म्हणून हा सगळा वाद पोकळ मतांचा उरत नाही. गेज लोखंडी पत्र्यावर चुंबकीय पद्धतीनं आणि ॲल्युमिनियमवर एडी करंटनं पेंटची जाडी सांगतो. १२० च्या आसपासच्या गाडीत एखादं दार २५० दाखवत असेल तर ते पुन्हा रंगवलेलं आहे. आकडा हजाराकडे गेला तर खाली लांबी भरलेली आहे. पण गेजलाच देव मानणंही बरोबर नाही. तो सगळ्या थरांची बेरीज सांगतो, त्यातलं क्लिअर किती हे सांगत नाही. साधा गेज प्लॅस्टिकवर चालत नाही. एक-दोन मायक्रॉनचा फरक तर त्याच्या स्वतःच्या चुकीतच विरून जातो, त्यामुळे एकाच जागी अनेक वेळा टेकवून सरासरी घ्यावी लागते. सौम्य पॉलिशचा एक टप्पा बहुधा या एक-दोन मायक्रॉनच्या घरातच असतो; लोकर आणि जाड कंपाउंड त्याच्या कितीतरी पुढे जातं, आणि पॉलिश पेपर त्याहून पुढे. दर दिवाळीला जड रबिंग करणाऱ्या गाडीचं पुढे काय होतं ते छतावर आणि बॉनेटवर दिसतं. ऊन सगळ्यात जास्त तिथेच लागतं आणि मशीनही तिथेच जास्त फिरतं. आधी पांढरट ढग, मग कड धरून सुटणारे पापुद्रे. त्या अवस्थेला पोचलेलं क्लिअर कोणत्याही पॉलिशनं परत येत नाही.

हल्ली आणखी एक बचाव ऐकू येतो: घासलं तर घासलं, वर सिरॅमिक कोटिंग करतोच आहोत. कोटिंग उपयोगी आहे, पाणी आणि घाण त्यावर कमी टिकते. पण त्याची जाडी सहसा एक-दोन मायक्रॉनच्या वर जात नाही. १० मायक्रॉन क्लिअर काढून दोन मायक्रॉनचं कोटिंग लावणं ही भरपाई होत नाही. जाहिरातीतला ‘९एच’ हा आकडा पेन्सिलच्या कडकपणाच्या चाचणीचा आहे, हिऱ्या-माणकांच्या मोजपट्टीचा नाही. वाळूचा कण कोटिंगवरही ओरखडा पाडतो. याच्या दुसऱ्या टोकाला काही न घासता तेल, मेण आणि ग्लेझ भरून देणारं काम असतं. त्यानं पेंटचं नुकसान होत नाही, एवढं त्याच्या बाजूनं म्हणता येईल. पण ओरखडे घालवले असं सांगून पैसे घेतले जातात आणि चार धुण्यांनंतर पितळ उघडं पडतं. ग्लेझ लावायला माझी हरकत नाही, ती ग्लेझ म्हणून विकावी.

गाडी सात-आठ वर्षांत विकायचीच आहे, एवढी काळजी कशाला, असंही विचारलं जातं. एक तर जुन्या गाड्यांच्या बाजारात आता घेणारा गेज घेऊन येतो आणि पुन्हा रंगवलेलं छत किमतीत दिसतं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कारखान्यात पेंट १४० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजला जातो, तेव्हा गाडीत ना सीट असते ना वायरिंग. गॅरेजमध्ये पूर्ण जोडलेली गाडी एवढी तापवता येत नाही. तिथला पेंट ६० अंशांच्या आसपास सुकणारा, वेगळ्या रसायनाचा असतो. चांगल्या कारागिरानं मारलेला गॅरेजचा पेंट उत्तमही असतो, पण तो कंपनी पेंट नव्हे. एकदा गेलेला मूळ थर कितीही पैसे टाकले तरी तसाच मिळत नाही. मग पॉलिश करूच नये का? करावं. फिका, ओरबाडलेला पेंट पुन्हा खोल आणि स्वच्छ दिसायला लागतो त्यात मालकाचा आनंद आहे, आणि माझ्या मते तो पूर्णपणे रास्त आहे. फक्त जड काम गाडीच्या आयुष्यात एखाद्या वेळीच व्हावं आणि पुढची वर्षं ते टिकवण्यात जावीत. ते टिकत नाही याचं मोठं कारण सोसायटीच्या पार्किंगमध्ये आहे. रोज पहाटे एकाच बादलीत तेच फडकं पिळून ओळीनं सगळ्या गाड्या पुसल्या जातात आणि धुळीचे कण एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर घासले जातात. त्यात पुसणाऱ्याचा दोष नाही. त्याला पाणी, वेळ आणि मोबदला तेवढाच मिळतो.

गाडी पॉलिशला टाकणार असाल तर चार गोष्टी मागून घ्या. काम सुरू होण्याआधी प्रत्येक पॅनेलचे गेजचे आकडे लिहून घ्या आणि काम झाल्यावर त्याच जागी पुन्हा घ्यायला लावा. अख्ख्या गाडीला हात लावण्याआधी बॉनेटवरचा चौकोन करून दाखवायला सांगा. गाडी ताब्यात घेताना एक पॅनेल अल्कोहोलनं पुसून उन्हात नेऊन बघा. आणि घरी आल्यावर पुसणाऱ्याला स्वच्छ मायक्रोफायबरची दोन-तीन फडकी स्वतः आणून द्या, कोरडी धूळ पुसू नकोस, आधी पाणी मार, असं सांगा, आणि त्या जास्तीच्या कामाचे पैसेही त्याला द्या.